परवाना, वेतन आणि गुणवत्ता : अमेरिकेतील ऑप्टिशियन व्यवसायावरील एका अभ्यासाची समीक्षा

व्यवसायप्रवेशावर निर्बंध घातले की त्या व्यवसायात आधीपासून असलेल्यांचे उत्पन्न वाढते, हा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये उमेदवारीच्या सक्तीवर याच कारणासाठी टीका केली होती, तर मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये हाच युक्तिवाद डॉक्टरांच्या परवान्याला लावला. एडवर्ड टिमन्स आणि ॲना मिल्स यांनी तो अमेरिकेतील ऑप्टिशियन व्यवसायाच्या संदर्भात तपासून पाहिला आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या मर्केटस सेंटरने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा अभ्यास पुढे 'ईस्टर्न इकॉनॉमिक जर्नल'मध्येही आला. मर्केटस सेंटर ही मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणारी संस्था आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र तेवढ्यावरून अभ्यास निकालात काढणे योग्य होणार नाही.

अमेरिकेत ऑप्टिशियन डोळे तपासत नाही. तपासणीचे काम नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट करतात व त्या दोघांनाही सर्व राज्यांत परवाना लागतो. त्यांनी दिलेल्या नंबरानुसार भिंगे निवडणे, बाहुल्यांमधील अंतर मोजणे, फ्रेम चेहऱ्याला बेतशीर बसवणे हे ऑप्टिशियनचे काम. त्यासाठी न्यू यॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा, ओहायो यांसारख्या वीसएक राज्यांत परवाना अनिवार्य आहे. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय आणि इतर अनेक राज्यांत तो नाही. एकाच देशात, एकाच कामासाठी असलेली ही द्विविध व्यवस्था संशोधकाच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणावी लागेल.

अभ्यासाचा पहिला निष्कर्ष असा की, परवान्याशी निगडित वार्षिक उत्पन्नवाढ १६.९ टक्क्यांपर्यंत असू शकते. दुसरा निष्कर्ष असा की, सेवेच्या गुणवत्तेत वाढ आढळत नाही; सबब परवान्यामुळे ग्राहकहिताची हानी होते. प्रस्तुत समीक्षकाला पहिला निष्कर्ष बहुतांशी ग्राह्य वाटतो, दुसरा नाही.

पहिल्याबाबत एकच शंका नोंदवतो. १९५० च्या जनगणनेच्या वर्गीकरणात ऑप्टिशियन आणि भिंगे घासून गुळगुळीत करणारे कारागीर एकाच गटात मोजले जात. दुकानात ग्राहकासमोर बसणारा आणि कार्यशाळेत यंत्रापुढे उभा राहणारा यांच्या वेतनाची गणिते वेगळी असतात. त्यामुळे दीर्घ काळाची तुलना जपून करावी लागते. '१६.९' हा आकडा कमाल मर्यादा दर्शवतो, सरासरी नव्हे, हेही तो उद्धृत करणारे पुष्कळदा विसरतात.

खरी अडचण गुणवत्तेच्या मोजमापाची आहे. लेखकांनी त्यासाठी दृष्टिविम्याचे हप्ते, ऑप्टिशियनांच्या व्यावसायिक निष्काळजीपणाच्या विम्याचे हप्ते आणि ऐच्छिक परीक्षांतील सहभाग यांचा आधार घेतला आहे. चुकीच्या शस्त्रक्रियेने रुग्ण दगावला तर दावा उभा राहतो. चष्म्याच्या भिंगाचा मध्य दोन-तीन मिलिमीटर सरकला, तर मात्र डोके दुखते, जिना उतरताना पाऊल चुकते, प्रोग्रेसिव्ह भिंगे लावूनही वाचता येत नाही. असा मनुष्य न्यायालयात जात नाही. तो दुकानात परत जातो किंवा चष्मा खणात टाकून जुनाच वापरू लागतो. या हानीची नोंद विम्याच्या हप्त्यात उमटणे संभवत नाही. जे साधन मुळात हा दोष टिपूच शकत नाही, त्याला दोष आढळला नाही यावरून परवाना निरुपयोगी ठरत नाही. उपयुक्त आहे हेही अर्थात सिद्ध होत नाही. परत आलेल्या व पुन्हा बनवाव्या लागलेल्या चष्म्यांचे प्रमाण तपासले असते, किंवा डेलावेअर नदीच्या दोन काठांवरील न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया येथील दुकानांतून एकाच नंबराचे चष्मे करवून ते मोजले असते, तर वाद पुष्कळसा मिटला असता.

याचा अर्थ परवान्याचे समर्थक निर्दोष आहेत असा नव्हे. ओक्लाहोमातील एका कायद्याने नेत्रतज्ज्ञ वा ऑप्टोमेट्रिस्टच्या चिठ्ठीशिवाय ऑप्टिशियनला जुने भिंग नव्या फ्रेममध्ये बसवण्यासही मनाई केली होती. १९५५ च्या 'विल्यमसन विरुद्ध ली ऑप्टिकल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. अशी अट अनेकदा अनावश्यक व खर्चिक ठरू शकेल हे न्यायालयाने मान्य केले, पण तिचे लाभ-तोटे तोलणे हे विधिमंडळाचे काम मानले. त्या प्रकरणात निर्बंधाचा जाच ऑप्टिशियनांना झाला. प्रस्तुत अभ्यासात लाभार्थी तेच आहेत. व्यवसायांच्या उतरंडीत वरचा खालच्याला अडवतो आणि खालचा आणखी खालच्याला, ही बाब लेखकांच्या चौकटीत बसत नाही.

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लावण्याचा मोह टाळावा. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे. परंतु आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चष्म्याच्या दुकानातच डोळे तपासले जातात व त्याच गल्ल्यावर चष्मा विकलाही जातो. टिमन्स व मिल्स यांचे सारे विवेचन तपासणी करणारा आणि विकणारा वेगळे आहेत, या गृहीतकावर उभे आहे.