शिकारी बंदुकीचा नेम : फॉर्साइथच्या ग्रंथाचें परीक्षण

शिरूर तालुक्यांतील तळेगांव ढमढेरे हें गांव इ. स. १७५१ च्या नोव्हेंबरांत सलाबतजंग व बुसी यांच्या फौजेनें उद्ध्वस्त केलें. त्या मोहिमेचा विचार करतांना फ्रेंच पायदळाच्या बंदुका नेमाच्या व आपल्या तोड्याच्या बंदुका बिननेमाच्या, असें गृहीत धरण्याचा मोह होतो. हें गृहीत तपासण्यास कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यांचा ‘दि स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ (१८६३) हा ग्रंथ उपयोगी पडतो. ग्रंथकार शिकारी होते. इतिहास सांगणें हा त्यांचा हेतु नव्हे.

त्यांचें प्रतिपादन असें : नळींतील आट्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरते व सरळ जाते. परंतु आट्यांचा पेंच जलद ठेवून दारू भरपूर घातली, तर वाटोळी गोळी आटे सोडून घसरते. दारू कमी केली, तर गोळी मंद होऊन लवकर खालीं येते. अरण्यांत जनावराचें अंतर अदमासानेंच धरावें लागत असल्यामुळें असा बार चुकतो. म्हणून नळीच्या सबंध लांबींत गोळीचा एक पुरता वेढाहि होऊं नये इतका सौम्य पेंच, कापडांत घट्ट बसविलेली गोळी व भारी बार, हा त्यांचा उपाय.

तत्त्व बिनतोड आहे. मात्र वाटोळ्या गोळीविषयींचा त्यांचा आग्रह टिकला नाहीं. अशी गोळी हवेच्या विरोधानें लवकर वेग गमावते. पुढें ‘एक्स्प्रेस’ जातीच्या रायफलींनीं हलकी लांबट गोळी व भरपूर दारू योजून तोच सपाट मार्ग साधला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १७५१ च्या सुमारास यूरोपीय पायदळाची सामान्य बंदूकहि बिनआट्याचीच होती. लवकर ठासतां यावी म्हणून तिची गोळी नळीहून बरीच लहान ठेवीत. तिचा प्रभाव एकदम झडणाऱ्या फैरींत होता, एकेका नेमांत नव्हे. उलट लांब नळीच्या तोड्याच्या बंदुकींत गोळी नेटकी बसविल्यास एकट्या बाराचा नेम अधिक चांगला साधणें शक्य होतें. ठासण्यास वेळ लागे, हें तिचें वैगुण्य. तेव्हां बुसीचें बळ तोफखान्यांत व कवायतींत शोधावें, बंदुकीच्या नेमांत नव्हे.

संग्राहकांस यांतून एक बोध घेण्याजोगा आहे. जुन्या बंदुकीचें वर्णन करतांना सोन्याची कलाकुसर व नळीवरील लेख टिपून काम संपत नाहीं. नळीची लांबी व आंतील व्यास, आटे आहेत कीं नाहींत, असल्यास त्यांची संख्या व पेंच, माशी व मागील नेमखूण, आणि उपलब्ध असल्यास गोळीचा सांचा, हीं सर्व मोजून नोंदवावीं. नळी घांसून उजळूं नये. आंतील खुणा नष्ट होतात. दफ्तरांतील शिसें व दारू यांच्या नोंदी अशा मापांशीं ताडून पाहिल्या, म्हणजेच शस्त्रांविषयींच्या आपल्या निर्णयांस प्रमाण लाभेल.