टाकाऊ यंत्रांची बोलकी कला

मोडक्या रेडिओ-संगणकांच्या अवशेषांतून कलाकृती घडविण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. कळफलकाच्या बटणांचे मोर आणि तारांचे गणपती वाचकांनीही पाहिले असतील. त्यांतील बहुतेकांविषयी आमचे मन उदासीनच राहते. तेथे यंत्राचे केवळ कलेवर वापरलेले असते; बटणांच्या जागी चिंचोके असते तरी मोराचे काही बिघडले नसते.

पाहणाऱ्याचा हात लागताच जी कृती उत्तर देते, तिची गोष्ट निराळी. नाम जून पैक ह्या कोरियन कलावंताने १९६३ साली जर्मनीतील वुपरटाल येथे जुने टेलिव्हिजन-संच मांडले, तेव्हा एका संचास मायक्रोफोन जोडलेला होता. प्रेक्षकाने आवाज केला की पडद्यावरील प्रकाशाची आकृती बदले. वाहतुकीत बिघडलेला एक संचही त्याने टाकून दिला नाही. पडद्यावर उरलेली एकच रेघ त्याने तशीच प्रदर्शनात मांडली.

आपल्याकडे ह्याच कुळीचे काम अरविंद गुप्ता ह्यांनी केले आहे. कानपूरच्या आय. आय. टी.चे हे पदवीधर १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण-कार्यक्रमात गेले, पुढे पुण्यास आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची ख्याती खेळणी करणारे म्हणून आहे. आमच्या मते मात्र त्यांची विद्युत्-मोटर ही कलाकृतीच होय. टॉर्चचा एक सेल, सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच संसार. चुंबक मोडक्या स्पीकरमधलाही चालतो. खरी गंमत तारेच्या टोकांपाशी आहे. त्यांवरील लाखेसारखा थर तीन बाजूंनी खरवडावयाचा आणि चौथ्या बाजूस राखावयाचा. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रवाह क्षणभर तुटतो, आणि वेटोळे आपल्याच वेगाने उरलेला फेरा पुरा करते. सगळाच थर खरवडला तर बहुधा ते थरथरून थांबते. थोडे अडविल्यानेच ते फिरते, हे मुलास बोटाच्या टिचकीने कळते!

दोष दाखवावयाचा तर तो त्यांच्या आखूड चित्रफितींचा. वेटोळे फिरलेले आधीच दिसते. मुलाने चुकावे एवढी सवड त्यांत नाही.

शहापूर-मुरबाडकडील शाळांचा विचार करता हा दोष आम्हांस अधिक जाणवतो. भातसा-तानसाचे पाणी मुंबईस जाते, मुंबईचे रेडिओ नि मोबाइल इकडे येतात, आणि बिघडले की घरातच पडून राहतात. त्यांतील तांब्यासाठी तारा जाळणे विषारी आहे, आणि जुन्या टेलिव्हिजनच्या शिसेमिश्रित काचेस मुलांनी हात लावू नये, हे शिक्षकांनी बजावलेच पाहिजे. पण हाताचे कसब येथील मुलांस कोणी शिकवावे असे नाही. वाळलेल्या दुधीस बांबू आणि ताडपान जोडून तारपा बोलका करणाऱ्या वारल्यांचा हा मुलूख आहे. फुंकणाऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांचा फेर बदलतो. उत्तर देणारी कला येथे जुनीच आहे.

गुप्तांनी आपले साहित्य सर्वांस विनामूल्य खुले ठेवले आहे. मुरबाडच्या एखाद्या मुलीने त्यांच्या वेटोळ्यावर तारप्याभोवतीची कागदी माणसे चिकटविली, तर ती मोटर बहुधा वजनाने अडेल. मग तिला वेटोळ्याचे पदर वाढवावे लागतील, किंवा माणसे कमी करावी लागतील.