मेणवलीची घंटा

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. वाड्यामागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळालगत दगडी घुमटीत टांगलेली एक पंचधातूची घंटा. तिच्या अंगावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयात लुटून आणलेली ही खूण.

घंटा जवळून पाहावी. असं उठावाचं काम साच्यातच घडवतात, धातू ओतला की आकृती अंगचीच होते. मारियेला पुसायचं, तर छिन्नीने तासावं लागलं असतं. कुणी तासलं नाही. घंटा वितळवून तोफ ओतता आली असती, तेही केलं नाही. लूट ती लूटच, पण जिंकलेल्यांनी हरलेल्यांची देवमाता जशीच्या तशी ठेवली आणि शंकराच्या दारी तिचा नाद घुमू दिला. या घंटेचं खरं सौंदर्य मला इथे दिसतं.

घंटा गेली, पण वसईचे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या वाड्यांवरच राहिले. शरणागतीच्या करारात त्यांना धर्म पाळायची मोकळीक मिळाली होती. सारा पेशव्यांना, पाद्री गोव्याचे, शेतकऱ्यांच्या घरातली बोली सामवेदी नाहीतर वाडवळी. शेजारच्या मुंबईत इंग्रजांचं राज्य होतं, आणि तिथे निष्ठांची ओढाताण थेट चर्चच्या दारात पोचली. मुंबई परिसरातले कॅथलिक दोन पक्षांत विभागले गेले : एक गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारा पाद्रोआदो, दुसरा रोमने नेमलेल्या अधिकाऱ्यांचा प्रोपगांडा. 1794 पासून मुंबईत चर्चं या दोन पक्षांत वाटली गेली. 1886 मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, तरी हा दुहेरी अधिकार 1928 पर्यंत संपला नाही. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, इथल्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. राजा, धर्मगुरू आणि माती, तिघांशी एकाच वेळी नातं सांभाळायची ही धडपड होती.

अशा माणसांना ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. मेणवलीची घंटा मारियेची आहे आणि मेणेश्वराचीही. वसईचा ख्रिस्ती माणूसही तसाच येशूचा आणि मराठी मुलखाचा आहे. वाईला गेलात, तर या घंटेभोवती एक फेरी मारा, मारिया शोधा, आणि बरोबरच्या मुलांना वसईची ही गोष्ट पुरी सांगा.