कोरड्या मोज्यांची किंमत

योम हाझिकारोन जवळ आला की आपल्या घराघरांतली जुनी कपाटे उघडतात. पणजोबांचा फोटो बाहेर येतो. फेटा, पिळदार मिशा, छातीवर पदकांची ओळ, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. त्याच्या शेजारी त्साहालच्या गणवेशातला एखादा काका किंवा मामा. फोटोखाली नाव, पलटण आणि साल लिहिलेले असते. आपण फोटो पुसतो, मेणबत्ती लावतो, दोन शब्द बोलतो. अशा वेळी एखादे नातवंड मध्येच विचारते, “सबा, ते तिथे खात काय होते? झोपत कुठे होते?” तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पदक कोणत्या लढाईचे ते सांगता येते. जेवणाचे सांगता येत नाही.

या प्रश्नामुळेच आम्ही एका जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळलो. बिल मॉल्डिन या अमेरिकन शिपायाचे ‘अप फ्रंट’ हे पुस्तक १९४५ साली निघाले. त्यात व्यंगचित्रे आहेत आणि चित्रांच्या अवतीभवती त्याने स्वतः लिहिलेला मजकूर आहे. पुस्तकाला ऐंशी वर्षे होऊन गेली. तरीही नातवंडाच्या त्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर देणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात आलेले नाही.

मॉल्डिन १९२१ साली न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ भागात जन्मला. घरची गरिबी होती. चित्रकला त्याने आधी टपालाने येणाऱ्या धड्यांवर आणि पुढे काही काळ शिकागोच्या कलाशाळेत शिकून घेतली. १९४० साली तो सैन्यात शिरला. ४५व्या डिव्हिजनच्या वर्तमानपत्रात चित्रे काढता काढता तो १९४३च्या जुलैत सिसिलीला उतरला आणि तिथून इटलीत गेला. त्या वर्षाच्या नाताळाच्या सुमारास तोफगोळ्याचा लहानसा तुकडा लागून तो जखमीही झाला. पुढे ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैनिकांच्या दैनिकात त्याची चित्रे येऊ लागली. १९४५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता.

त्याच्या चित्रांत दोघे जण असतात, विली आणि ज्यो. दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले, खांदे पडलेले. सुरुवातीच्या चित्रांतला ज्यो हा चोक्टॉ जमातीचा आदिवासी होता. पुढे पुढे दोघांचे चेहरे इतके सारखे झाले की कोण विली आणि कोण ज्यो हे नवख्याला ओळखता येऊ नये. आम्हाला हा चित्रकाराचा दोष वाटत नाही. सहा महिने चिखलात काढलेली माणसे खरोखरच एकमेकांसारखी दिसू लागतात.

आता चित्रांकडे वळू. एका चित्रात विली ज्योला सांगतो आहे की काल तू माझा जीव वाचवलास, त्याची परतफेड करीन अशी मी शपथ घेतली होती. आणि तो आपल्या जवळची शेवटची कोरड्या मोज्यांची जोडी पुढे करतो. घरी बसून वाचणाऱ्याला हा विनोद वाटतो. जीव कुठे आणि मोजे कुठे! पण त्या हिवाळ्यात इटलीच्या डोंगरांत भिजलेल्या बुटांत दिवसेंदिवस राहून शिपायांचे पाय सुजत, काळेनिळे पडत, सडत. ‘ट्रेंच फूट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराने माणसांच्या माणसे लढाईतून बाद केली. कोरडा मोजा म्हणजे शाबूत पाय आणि शाबूत पाय म्हणजे जीव. विली अगदी चोख परतफेड करतो आहे. चित्र हसवते, आणि हसून झाल्यावर हिशेब कळतो. मॉल्डिनची सगळी कला या क्रमात आहे.

दुसऱ्या चित्रात विली डॉक्टरच्या मदतनिसापुढे बसला आहे. त्याला पदक देऊ केले आहे. तो म्हणतो, ते माझ्याकडे आहे, मला डोकेदुखीची गोळी द्या. तिसऱ्यात दोघे गोळ्यांखाली जमिनीला चिकटलेले आहेत आणि एकाची तक्रार अशी की आणखी खाली जाता येत नाही, कोटाची बटणे आड येतात. चौथ्यात शब्दच नाहीत. घोडदळातला एक जुना सार्जंट आस मोडलेल्या जीपवर पिस्तूल रोखून उभा आहे आणि दुसऱ्या हाताने त्याने डोळे झाकून घेतले आहेत. पाय मोडलेल्या घोड्याला असेच मारीत. ज्याचे आयुष्य घोड्यांत गेले त्याच्यावर यंत्राचे युग आले आहे, हे त्या एका हाताने सांगून टाकले.

रेषेविषयी थोडे. मॉल्डिन कुंचल्याने जाड, काळी रेषा ओढतो. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर बारीक रेषा टिकली नसती, हे एक व्यवहारी कारण. पण त्या काळ्या शाईतून चिखल, रात्र आणि ओल्या लोकरीचे वजन आपोआप येते. बूट मोठे, कपड्यांच्या घड्या जड, आणि पार्श्वभूमी जेमतेम. एखादी पडकी भिंत, एखादे मोडके झाड. रक्त जवळजवळ कुठेच नाही. प्रेतही नाही. मरण नेहमी चित्राच्या चौकटीबाहेर उभे असते आणि विली व ज्यो त्याच्याकडे पाठ करून कॉफी गरम करीत असतात.

ही चित्रे मुळात कोणासाठी होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. ती शेजारच्या खड्ड्यात बसलेल्या शिपायासाठी होती. पट्टा चुकीच्या बाजूला काढला असता तर दुसऱ्या दिवशी हजार जणांनी बोट ठेवले असते. आज आपली मुले मिलुईमला जातात आणि घरच्या ग्रुपवर फोटो पाठवतात. अंगठा वर, चेहरा हसरा. तो फोटो आईसाठी असतो. ‘मी बरा आहे’ एवढेच त्याला सांगायचे असते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण आईसाठी काढलेल्या फोटोत ओले मोजे दिसत नाहीत. मोबाइलमध्ये हजार फोटो असूनही दिवस कसा गेला ते कळत नाही, याचे कारण हेच आहे.

वरिष्ठांना अर्थातच ही चित्रे रुचली नाहीत. जनरल पॅटन यांना विली-ज्योच्या दाढ्या आणि मळके कपडे म्हणजे शिस्तीचा अपमान वाटे. मार्च १९४५ मध्ये त्यांनी मॉल्डिनला समोर बसवून चांगले झापले. सार्जंटच्या हुद्द्याचा पोरगा एका चार ताऱ्यांच्या वाटेवरच्या जनरलपुढे बसून ऐकत राहिला आणि परत येऊन पूर्वीसारख्याच दाढ्या काढू लागला. आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाने त्याला रोखले नाही, ही गोष्ट त्या सैन्याच्या मोठेपणाची म्हणावी लागेल. ज्या सैन्यात शिपाई साहेबावर हसू शकतो, त्या सैन्यात साहेबाचे ऐकलेही जाते, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे इस्राएलमध्ये दोशने काढलेला स्रुलिक सर्वांच्या परिचयाचा आहे. टेंबेलची टोपी, खाकी चड्डी, पायांत सँडल. तो गोड आहे, पण तो एक माणूस नाही. तो देश आहे. देशाला थंडी वाजत नाही आणि त्याचे मोजेही भिजत नाहीत. १९६७च्या लढाईनंतर घरोघर विजयाचे गुळगुळीत अल्बम आले, तेही तसेच होते. त्याच वर्षी किबुत्झमधल्या तरुण सैनिकांची संभाषणे ‘सिआह लोहामीम’ या नावाने पुस्तकरूपात निघाली, तेव्हा वाचकांना प्रथमच लढून आलेल्या मुलाचा दबका आवाज ऐकू आला. विली आणि ज्यो यांचे नाते त्या आवाजाशी आहे.

इथवर स्तुती झाली. आता आमची तक्रार. मॉल्डिनच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एकात पावसातून जर्मन कैदी चालले आहेत आणि त्यांना घेऊन जाणारा अमेरिकन शिपाईही तितकाच थकलेला आहे. खाली वर्तमानपत्री थाटात ताज्यातवान्या विजयी सैन्याची बातमी. उपरोध उत्तम आहे. पण आम्हा यहुदी वाचकांना इथे ठेच लागते. मॉल्डिनचा जर्मन हा नेहमी एक दमलेला, भिजलेला, घरची आठवण काढणारा शिपाई असतो. तो तसा होताही. मात्र त्याच महिन्यांत त्याच गणवेशाच्या आश्रयाने युरोपात आपल्या लोकांचे काय चालले होते, याचा या पुस्तकात मागमूस नाही. मॉल्डिनची जुनी ४५वी डिव्हिजन २९ एप्रिल १९४५ रोजी दाखाऊच्या छावणीत शिरली. तिथे त्या शिपायांनी जे पाहिले ते विली-ज्योच्या चौकटीत मावणारे नव्हते.

यासाठी आम्ही चित्रकाराला दोष देत नाही, पण मर्यादा सांगणे टीकाकाराचे काम आहे. खड्ड्यातून खड्ड्याएवढेच दिसते. रोजच्या जगण्याची नोंद माणूस कसा टिकला हे सांगते. लढाई कशासाठी होती हे ती सांगेलच असे नाही. दोन्ही गोष्टी लागतात. फक्त पदके ठेवली तर माणूस हरवतो आणि फक्त मोजे ठेवले तर कारण हरवते.

आणखी एक गोष्ट आम्हाला हे पुस्तक वाचताना सतत जाणवत होती. १९४३च्या त्याच हिवाळ्यात, त्याच इटलीत, डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला सांग्रो नदीच्या चिखलात मराठी बोलणारी माणसे होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर तिथे लढत होती. पुढच्या वर्षी १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातले, म्हणजे आपल्याच कुलाबा जिल्ह्यातले. आपल्या वाडवडिलांची रोहे, पेण, अलिबाग ही गावे तिथून काही फार लांब नाहीत. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला. आणि त्याच वसंतात त्याच सेनिओवर, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरचा सोनेरी मागेन दाविद बाहीवर लावलेली यहुदी ब्रिगेडही आघाडीवर होती. एका नदीच्या काठावर एकीकडे कोकण आणि देशावरची मराठी, दुसरीकडे एरेत्स इस्राएलची हिब्रू. आज या दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या समाजाला त्या नदीचे नाव पाठ असायला हवे. फोर्लीच्या भारतीय दफनभूमीत आणि रावेन्नाच्या दफनभूमीत दोन्हीकडच्या माणसांची नावे दगडांवर आहेत. पण त्या मराठी शिपायांना घराघरांत पोचलेला मॉल्डिन लाभला नाही. ते काय बोलत, कशावर हसत, भाकरीची आठवण काढीत असतील का, हे दगड सांगत नाहीत.

आपली स्वतःची कथा तर त्याहून जुनी. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत शाआर हाराहामीम हे प्रार्थनामंदिर, आपली ‘जुनी मशीद’, बांधले. नवस आपल्याला ठाऊक आहे. टिपूच्या आईची आख्यायिका ठाऊक आहे. कैदेतल्या शाब्बाथला दिवस कसे मोजले, कोशेर कसे सांभाळले, की नाही सांभाळता आले, हे ठाऊक नाही. पुढे मुंबई फौजेत सुभेदार, सुभेदार-मेजर, सरदार बहादूर झालेल्या आपल्या माणसांच्या हुद्द्यांच्या याद्या आपण अभिमानाने छापतो. त्या छापाव्यातच. पण यादी म्हणजे माणूस नव्हे.

‘अप फ्रंट’चे कोणी मराठी भाषांतर करायला घेईल तर त्याला आमची एक सूचना आहे. विली आणि ज्यो पुस्तकी मराठीत बोलू नयेत. त्यांची इंग्रजी मोडकीतोडकी, अक्षरे गिळणारी आहे. आपल्या आजोबांची रेवदंड्याकडची बोली त्यांच्या तोंडी शोभेल. ‘साहेब, गोळी द्या, बिल्ला नको’ असे त्या बोलीत म्हटले की चित्र आपल्या ओट्यावर येऊन बसते.

युद्ध संपल्याच्या दिवशी विली आणि ज्यो यांना मारून टाकावे असे मॉल्डिनच्या मनात होते. संपादकांनी ते करू दिले नाही. आम्हाला वाटते, संपादकांचे बरोबर होते. मेलेल्यांना आपण मेणबत्ती लावतोच. घरी परत आलेल्यांना मात्र कोणी काही विचारत नाही, आणि तेही आपणहून सांगत नाहीत.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. पुढच्या शाब्बाथला जेवणानंतर, चहा घेताना, घरातल्या त्या माणसाला विचारा. सिनाईत असो, लेबनॉनमध्ये असो, की भारताच्या सरहद्दीवर असो. लढाईचे विचारू नका. थंडी किती होती, चहा कोण करीत असे, पत्र कोणाला लिहिले, बूट कधी काढले, एवढेच विचारा. मराठीत सांगेल तर मराठीत, हिब्रूत सांगेल तर हिब्रूत लिहून घ्या. घरातल्या कोणाला चित्र येत असेल तर काढूनही ठेवा. आपल्या या अंकाची पाने दोन्ही भाषांना मोकळी आहेत. पदकाच्या फोटोशेजारी मोज्यांची एक जोडीही जपून ठेवायला हवी.