परदेशी बाजार आणि वरची मूठ

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) प्रवासवर्णनाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मात्र त्यानंतरच्या पुष्कळ प्रवासवर्णनांत परदेशी बाजाराच्या आठवणी म्हणजे रंगांची यादी आणि घासाघीस एवढेच आढळते. पेरू देशात अँडीज पर्वतातील पिसाकचा रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे. मापाखेरीज वर घातलेल्या मूठभर जिनसेला तिकडे केचुआ भाषेत 'यापा' म्हणतात. आम्हां चेन्नईकर मराठी माणसांना ही रीत परकी नाही. येथील भाजीवाली कढीलिंबाची काडी वर टाकते, तो 'कोसुरु' याच जातीचा. तमिळ बोलता येण्याआधीच त्या काडीने आम्हांला येथले करून घेतले. प्रवासी लेखकाने ही वरची मूठ टिपली असेल, तरच तो त्या बाजारात खरोखर गेला होता असे आम्ही मानू.