कवंदीच्या कोपऱ्यांवरील फुले

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या वनप्रदेशात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली आणि तेथून निसटून रानाच्या आश्रयाला आलेली माणसे ही त्यांतील अनेकांची पूर्वज होत. या समाजात हिंदू, मुसलमान व कॅथलिकही आहेत. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात, तिला 'कवंदी' म्हणतात.

जुनी साडी अंथरावी, जीर्ण वस्त्रांचे तुकडे तिच्यावर मांडावेत आणि धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे जावे, अशी कवंदीची रीत आहे. तुकडे लहानमोठे व रंग परस्परविरोधी असले, तरी टाक्यांच्या ओळी त्यांना एकसंध करतात. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी 'फुले' बसवतात. या फुलांनी ऊब वाढत नाही. आमच्या मते कवंदीची कलादृष्टी नेमकी येथेच प्रकटते. अभावातही गरजेपलीकडचे काही द्यावे, असे त्या शिवणाऱ्या हातांना वाटते. कॅथलिक घरांतील काही कवंद्यांवर क्रूसही दिसतो.

अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कलेचा अभ्यास केला. २००४ साली सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये न्यू यॉर्क येथे कवंद्यांचे प्रदर्शन भरले. हा गौरव उचितच होय. तथापि त्यात केवळ आफ्रिकेचा वारसा पाहणे आम्हांस अपुरे वाटते. साडीच्या घड्यांत चिंध्या सांधणारी वाकळ आपल्या आज्यांनीही शिवली आहे. कवंदीला सर्वस्वी परकी ठरविले, तर तिच्या कर्त्रीलाही पिढ्यान्‌पिढ्या आपण पाहुणीच ठरवतो.

येथे आपण ख्रिस्ती वाचकांनी अंतर्मुख व्हावयास हवे. त्या गुलामांचे मालक बहुधा ख्रिस्तीच होते. त्यांनी बाप्तिस्मा दिला, पण बेड्या काढल्या नाहीत. शासनाने २००३ साली कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीत स्थान दिले. ख्रिस्तसभेने त्यांना आपल्या मनात कोणते स्थान दिले?

कवंदी भिंतीवर टांगून तिची वाहवा करणे सोपे आहे. ती शिवणारीला रास्त मोल द्यावे, तिचे नाव विचारावे, मिस्सेच्या वेळी तिला आपल्या बाकावर शेजारी जागा करून द्यावी. असा सन्मान झाला नाही, तर कलेचे आपले सारे कौतुक, फुलांवाचून राहिलेल्या कवंदीसारखे, अपुरेच राहील.