उपयोजित रंगभूमीचे क्रियापद

मराठी व्याकरणकार क्रियापदाचे चार अर्थ मानतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. वाक्यातून क्रियेचा केवळ बोध होतो, की आज्ञा, कर्तव्य अथवा अट सूचित होते, यावरून हा भेद केला जातो. दवाखाना, तुरुंग, वस्ती, शाळा अशा ठिकाणी सामाजिक प्रयोजन मनात धरून जे नाट्य केले जाते, त्यास उपयोजित रंगभूमी म्हणतात. तिचे मूल्यमापन बहुधा विषय कोणता आणि प्रेक्षक किती, या दोन प्रश्नांपाशीच थांबते. तिचे क्रियापद कोणत्या अर्थाचे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तिचे यशापयश पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

आरोग्यप्रचाराची नाटके प्रायः आज्ञार्थात बोलतात : 'पाणी उकळून प्या', 'गोळ्या वेळेवर घ्या'. उपदेश खोटा नसतो. साथीच्या दिवसांत तो आवश्यकही असतो. परंतु ज्याला आज्ञा करावयाची तो ती पाळण्यास मोकळा आहे, हे आज्ञार्थात गृहीत धरलेले असते. रक्तक्षयावरील नाटकात 'पोटभर सकस अन्न खा' असे जिला सांगितले जाते, ती घरात सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवत असेल, तर वाक्याची कर्ती ती असली तरी निर्णयाची कर्ती ती नसते. वाक्य शुद्ध असूनही ते भलत्याच व्यक्तीस उद्देशून उच्चारले जाते.

ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांचे महत्त्व येथे आहे. १९७३ साली पेरूमधील शासकीय साक्षरता-मोहिमेत ते सहभागी झाले. पाउलो फ्रेइरे यांच्या शिक्षणविचाराचा या मोहिमेवर प्रभाव होता. मातृभाषा न सोडविता स्पॅनिश शिकवावी, आणि नाट्य हीदेखील एक भाषाच समजावी, अशी तिची भूमिका होती. त्या काळातील एक प्रसंग बोआल यांनी नमूद केला आहे. पतीने घराच्या पैशांच्या पावत्या म्हणून जपण्यास दिलेले कागद ही वस्तुतः त्याच्या प्रेयसीची पत्रे होती, हे एका निरक्षर स्त्रीस कळले. तिने काय करावे, हे प्रेक्षकांनी सुचवावयाचे व नटांनी करून दाखवावयाचे होते. पतीशी स्पष्ट बोलावे, असे एका स्त्रीने सुचविले. परंतु नटीने केलेले कोणतेही 'स्पष्ट बोलणे' तिला पटेना. अखेर ती स्वतःच रंगमंचावर चढली आणि तिने पतीच्या भूमिकेतील नटाला झाडूने बडविले. शब्द तेच होते. त्यांचा अभिप्राय मात्र नटीपाशी नव्हता. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची मर्यादा याहून स्वच्छपणे क्वचितच दिसली असेल.

पुढे विकसित झालेल्या 'फोरम' पद्धतीत नाटक पीडिताच्या पराभवाशी संपते व पुन्हा सुरू केले जाते. प्रेक्षक ते थांबवून पीडिताच्या जागी उभा राहतो. येथे क्रियापद संकेतार्थी होते : 'ती असे म्हणाली असती, तर...'. उत्तर आधी ठरलेले नसते.

तथापि संकेतार्थातही एक धोका आहे. पीडिताच्याच जागी उभे राहावयाचे, हा या पद्धतीचा मूळ दंडक. त्यामागील हेतू योग्य आहे. जुलमी पात्र एकाएकी सज्जन झाले, तर प्रश्न सुटत नाही, लपतो. परंतु 'ती बोलली असती तर' या वाक्यातून 'ती बोलली नाही, म्हणून भोगते' असा ध्वनी सहज निघतो. दवाखान्यात औषधच नसेल, तर रुग्णाच्या वाक्चातुर्याने ते येत नाही. सामाजिक दोषाचे व्यक्तीच्या दौर्बल्यात रूपांतर करणारा प्रयोग आज्ञार्थी नाटकाहून फारसा पुढे जात नाही.

बोआल यांच्या उत्तरकालीन कार्यात यावर एक उपाय दिसतो. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ दी जानेरो नगरपरिषदेचे सदस्य होते. वस्त्यांतील प्रयोगांत प्रेक्षकांनी मांडलेल्या सूचनांतून कायद्यांचे मसुदे तयार झाले आणि तेरा कायदे संमत झाले. महापालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या रोगांचे तज्ज्ञ असावेत, ही तरतूद त्यांतलीच. 'असते तर' याचे येथे 'असावे' झाले, आणि कर्तव्याचा भार रुग्णावरून संस्थेवर गेला. हा विध्यर्थ मात्र सभागृहातील एका जागेच्या आधाराने उभा होता, हेही विसरता येत नाही.

यावरून अभ्यासकांपुढे एक काम स्पष्टपणे उभे राहते. प्रयोगांची व प्रेक्षकांची संख्या नोंदविणे सोपे आहे. प्रेक्षक उठून जे बोलला, ते त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे टिपून ठेवणे कष्टाचे आहे. प्रमाणभाषेत केलेल्या सारांशात 'स्पष्ट बोलावे' एवढेच उरते आणि झाडू गळून पडतो. अशा नोंदींवाचून उपयोजित रंगभूमीविषयी काढलेले निष्कर्ष आयोजकांच्या भाषेविषयी पुष्कळ सांगतील. ज्यांच्यासाठी ती उभी राहते, त्यांच्याविषयी फार थोडे.